जुलाब आणि जलसंजीवनी

श्रोतेहो, आम्हा कवी मंडळींच्या लेखनात विरह येतो, पाऊस येतो, दुष्काळही येतो. जुलाब मात्र येत नाहीत. घरातही हा विषय दबक्या आवाजातच निघतो. लेकराला पातळ संडास झाली की सारं घर जागं होतं; पण कर्त्या माणसाला झाली तर तो कुणाला सांगत नाही. रोज बुडेल म्हणून एखादी गोळी घेऊन कामावर जातो. आमच्या जालन्यात सळया करणाऱ्या गिरण्या आहेत. भट्टीची धग, वरून मे महिन्याचं ऊन आणि त्यात हगवण. अशा माणसाच्या अंगातलं पाणी किती झपाट्यानं आटत असेल, विचार करा.

उन्हाळ्यात गावात टँकर येतो, पाणी पिंपात साठतं, त्यात हात आणि तांब्या बुडतो. पुढं पहिल्या पावसात घाण विहिरीत उतरते. मग वर्तमानपत्रात बातमी येते, ‘गावाला गॅस्ट्रोची लागण’.

जुलाबात जिवावर बेततं ते बहुधा शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळं. तरीही आपल्याकडं समज असा, की पाणी पाजलं तर जुलाब वाढतील. हा समज घातक आहे. आतडं बिघडलेलं असतानाही मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र आली, की एकमेकींचा हात धरून आत शिरतात आणि पाण्यालाही सोबत नेतात.

1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगावला, पटकीची साथ आली. सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. शंभरातले तीसेक दगावत होते, ते प्रमाण चाराच्याही खाली आलं. 2022 साली ते वारले; 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. हीच आपली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस.

पाकीट आणलं तर ते एका लिटरचं की पेलाभराचं, हे वाचून तेवढ्याच पाण्यात कालवावं. नावाला साधर्म्य असलेली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. मीठ जास्त नको. दर जुलाबानंतर पेलाभर, घोटाघोटानं प्यावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करावं. चोवीस तासांनंतर उरलेलं फेकून द्यावं. मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना लवकर विचारावं.

उपाशी राहू नये. मऊ भात, वरण, केळं, ज्वारीच्या पातळ कण्या चालतात. तळलेलं आणि दारू टाळावी. रमजानचा रोजा असो की एकादशी, आजाऱ्याला सवलत आहे. राहिलेला रोजा नंतर ठेवता येतो.

संडासातून रक्त पडत असेल किंवा ताप चढला असेल, तर जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नये. प्रतिजैविकंही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, लघवी बंद होणं, भोवळ, गुंगी, न थांबणारी उलटी, असं काही दिसलं तर वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. दोन दिवसांत उतार नसेल, किंवा आजारी माणूस म्हातारा असेल, बाई गरोदर असेल, तर दवाखाना गाठावाच.

आणि मंडळी, पिंपातलं पाणी दांड्याच्या ओगराळ्यानं काढा. मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवा. पाणी टंचाईचं असलं तरी हातावरचं ते तांब्याभर पाणी वाया गेलं, असं समजू नका. घरातला कर्ता माणूस आज गप्प-गप्प दिसला, तर त्यालाही विचारा, ‘पोट ठीक आहे ना?’