परमुलखातील मूत्रपिंडरोपण

मूत्रपिंडे निकामी झालेला मनुष्य आठवड्यातून दोन-तीन वेळा डायालिसिसच्या यंत्राशी जखडलेला असतो. अशा मनुष्याने समुद्र ओलांडून म्हैसूरला येऊन रोपण करून घेण्याचे ठरविले, म्हणजे प्रथम त्याला खर्चाची आणि विमानाची चिंता पडते. वाटेत जेथे मुक्काम पडेल तेथे यंत्राची सोय आहे काय, बंगळूरपासूनचा सुमारे दीडशे किलोमीटरांचा रस्ता सोसवेल काय, हेही तो विचारून घेतो. ते योग्यच आहे. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते मूत्रपिंड म्हैसुरात मिळेल असे त्याने धरून चालू नये. ते देणारा माणूस त्याला घरूनच बरोबर आणावा लागतो.

ही गोष्ट नवी नाही. १९५४ मध्ये बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी रोपण केले, ते जुळ्या भावांमध्ये. १९८४ मध्ये तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांना उपचारांसाठी न्यूयॉर्कला नेण्यात आले. शस्त्रवैद्य परके, रुग्णालय परके. पण मूत्रपिंड पुतणीचे होते.

त्याच सुमारास मुंबईत मात्र वेगळेच चालले होते. संयुक्त अरब अमिराती आणि ओमान येथून आलेल्या सुमारे १३० रुग्णांनी १९८४ ते १९८८ या काळात तेथे मूत्रपिंडे विकत घेतली. त्यांची हकीकत १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांतील अनेक जण दगावले. काहींना एचआयव्हीची बाधा झाली. पैसा दोन्ही बाजूंनी घात करतो, तो असा. विकणारा तर बहुधा कर्जाने गांजलेलाच असे.

१९९४ च्या मानवी अवयव रोपण कायद्याने हा व्यापार गुन्हा ठरविला. आता रोगी परदेशी आणि दाता भारतीय असेल, तर दोघे निकटचे आप्त असल्यावाचून रोपणास परवानगी मिळत नाही. आईबाप, मुले, भावंडे, पतिपत्नी हे निकटचे आप्त होत. २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा आणि नातवंडे यांचीही त्यांत भर पडली. पुतणी मात्र या यादीत नाही! मृत दात्याच्या मूत्रपिंडाची आशा धरावी, तर तेथेही भारतीय रुग्णांचा हक्क आधी. परदेशी मनुष्य रांगेच्या अगदी शेवटी उभा असतो.

म्हणून तयारीस आरंभ गावीच करावा लागतो. दोघांचे रक्तगट व पेशी जुळतात की नाही हे पाहावयाचे, दात्याची दोन्ही मूत्रपिंडे निरोगी आहेत की नाहीत हे तपासावयाचे, नात्याचे कागद जमवून त्यांवर वकिलातीचा दाखला घ्यावयाचा. नवे मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे पुढे जन्मभर घ्यावी लागतात आणि रक्तातील त्यांचे प्रमाण वरचेवर मोजावे लागते. ही औषधे आणि ही तपासणी स्वदेशी मिळेल काय, हा प्रश्न निघण्यापूर्वीच सोडविलेला बरा.

एवढे झाल्यावर प्राधिकार समितीपुढे जावयाचे. दाता आणि रोगी निकटचे आप्त असले, तरी त्यांपैकी एक परदेशी असल्यास समितीची पूर्वसंमती घ्यावीच लागते. ही मुलाखत चित्रमुद्रित होते. भावासाठी दूरदेशाहून आलेली एखादी बहीण तेथे बसलेली असते. भाषा परकी, मध्ये दुभाषी. तिला विचारले जाते, की आपण होऊन देता, की घरच्यांनी गळ घातली म्हणून? तिकिटे काढलेली असतात, खोली ठरलेली असते, आणि तरीही ‘नाही’ म्हणण्याची तिला पूर्ण मोकळीक असते.