तडा आणि त्याचा हिशेब

कापडवाला कापडाच्या कडेला कात्रीनें बोटभर चीर देतो आणि दोन्ही हातांनीं ओढतांच तें सरळ फाटत जातें, हें श्रोत्यांनीं पाहिलें असेलच. चीर नसेल, तर तेंच कापड धट्ट्याकट्ट्या माणसालाहि दाद देत नाहीं.

कांच व पोलाद यांचेंहि असेंच आहे. १९१३ सालीं इंग्लिस या इंग्रज एंजिनियरानें गणितानें दाखविलें कीं, पत्र्यांतील भोंकाच्या टोंकाशीं ताण एकवटतो. टोंक जितकें अणकुचीदार, तितका ताण अधिक. मग तडा गेलेली प्रत्येक वस्तु किंचित् भारानेंच मोडावयास हवी. पण तशी ती मोडत नाहीं.

हें कोडें १९२१ सालीं ग्रिफिथ यानें उलगडलें. ओढलेल्या धनुष्याप्रमाणें ताणलेल्या वस्तूंत शक्ति सांठलेली असते. तडा पुढें सरकला कीं ती मोकळी होते. उलट, नवा पृष्ठभाग निर्माण करण्यांत शक्ति खर्चीं पडते. जमा खर्चाहून अधिक झाली, कीं तडा धांवूं लागतो. म्हणून लहान तडा स्वस्थ बसतो, आणि लांबलेला घात करतो.

हा घात किती मोठा असतो, तें १९५४ सालीं दिसलें. जानेवारी व एप्रिल महिन्यांत दोन ‘कॉमेट’ विमानें भूमध्य समुद्रावर फुटून ५६ माणसें दगावलीं. फार्नबरो येथें तसल्याच एका विमानाचें धड पाण्याच्या टाकींत ठेवून आंतील दाब वारंवार चढविला व उतरविला. पूर्वींचीं उड्डाणें धरून सुमारें ३,००० फेऱ्यांनंतर तें खिडकीच्या कोंपऱ्यापासून फाटलें.

आज असा हिशेब गणकयंत्रावर करतात. वस्तूचे जाळ्यासारखे बारीक भाग पाडून प्रत्येक गांठ किती सरकते, तें यंत्र काढतें. पूर्वीं तडा जाळ्याच्या दोऱ्यांवरूनच न्यावा लागे. तो सरकला कीं जाळें नव्यानें विणावें लागे. १९९९ सालीं जाळें न बदलतां तडा घरांच्या मधून नेण्याची रीति निघाली. त्याआधीं, १९९८ सालीं, फ्रान्समधील फ्रांकफोर व मारिगो यांनीं ग्रिफिथचाच जमाखर्च नव्या रूपांत मांडला होता: ज्या वाटेनें एकूण शक्ति कमींत कमी, ती तड्याची वाट. त्यामुळें वाट आधीं सांगण्याची गरज उरली नाहीं.

परंतु तडा आज किती लांब आहे आणि धातु किती चिवट आहे, हे आंकडे यंत्राला बाहेरूनच द्यावे लागतात. एक भिंग घेऊन बसलेल्या तपासनिसाच्या डोळ्यांनीं, दुसरा प्रयोगशाळेंत मोजून. ते चुकले, तर बिनचूक गणितहि चुकीचेंच उत्तर देईल.