मालवणचे प्रवाळ आणि संशोधक विद्यार्थी

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. तेथील प्रवाळांचा, म्हणजे चुन्याचे सांगाडे रचत वसाहतीने राहणाऱ्या सागरी जीवांचा अभ्यास गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केला आहे. अशा अभ्यासात पाण्याखालच्या खडकावर मोजपट्टी अंथरून, तिच्यालगत चौकटी ठेवून छायाचित्रे घेतात आणि जिवंत प्रवाळांचे प्रमाण काढतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला व गढूळ असल्याने हे काम मोजक्या महिन्यांत उरकावे लागते, आणि पीएचडीच्या मुदतीत ही अडचण खरोखर जाचक ठरते. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या ऊतींत राहून अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवले गमावून पांढरे पडतात. या विरंजनाची नोंद मालवणातही झाली आहे. त्यातून कोणते प्रवाळ सावरले, हे त्याच जागेची मोजणी वर्षानुवर्षे झाली तरच कळते. म्हणून आधीच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातील नोंदी पुढच्यासाठी अनमोल असतात.