पॉलिप निघाला, आता पुन्हा शस्त्रक्रिया?

मोठ्या आतड्यातला पॉलिप दुर्बिणीतून काढला जातो, काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो आणि त्यात कर्करोग निघतो. पेशी अस्तराखालच्या सबम्युकोसा या थरात उतरलेल्या असतात, पण स्नायूच्या थरापर्यंत पोचलेल्या नसतात. ही टी-1 अवस्था. गाठ निघून गेलेली असते. शंका उरते ती एवढीच, की जवळच्या लसिकाग्रंथींत काही पेशी आधीच जाऊन बसल्या असतील का? इतका सूक्ष्म प्रसार सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. खात्री करायची तर आतड्याचा तो भाग ग्रंथींसकट काढावा लागतो. ‘कर्करोग आहे ना, मग ऑपरेशन करून मोकळे व्हा’, हा सल्ला घरातून पहिल्यांदा येतो आणि पुष्कळदा दवाखान्यातूनही. हा सल्ला सरसकट देणे मला चूक वाटते.

टी-1 रुग्णांपैकी साधारण दहांतल्या एकाच्या ग्रंथींत प्रसार सापडतो. म्हणजे सर्वांवर शस्त्रक्रिया केली तर बहुतेकांच्या ग्रंथी निर्मळ निघतील. त्या एकाला आधी ओळखायचे कसे? त्यासाठी पॅथॉलॉजिस्ट काही खुणा पाहतात: पेशी लसिकावाहिनीत किंवा रक्तवाहिनीत शिरल्या आहेत का, त्यांची ठेवण फार बिघडलेली आहे का, गाठीच्या कडेला पेशींचे छोटे पुंजके सुटे होऊन पुढे सरकत आहेत का, आणि गाठ किती खोल गेली आहे. यांतल्या खोलीवर मला थोडे थांबायचे आहे. 2004 साली जपानमधल्या 865 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देठ नसलेल्या गाठीची सबम्युकोसातली खोली एक मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर ग्रंथींत प्रसार आढळला नाही, असे त्यात दिसले. निष्कर्ष मोलाचा होता. पण व्यवहारात तो उलटा वाचला गेला. मिलिमीटरच्या आत धोका नाही, म्हणून मिलिमीटर ओलांडला की धोका मोठाच, असे धरले गेले. 2022 साली एकवीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा इतर कोणतीही वाईट खूण नसताना केवळ खोली जास्त असलेल्यांत प्रसाराचा धोका सुमारे 2.6 टक्के निघाला. वाहिन्यांतला शिरकाव किंवा सुटे पुंजके असतील तर चित्र खरोखर गंभीर होते. एकट्या खोलीने तसे होत नाही.

यावर आक्षेप येतो, की अडीच टक्के तरी का पत्करायचे? कारण दुसऱ्या बाजूलाही शून्य नाही. आतड्याच्या नियोजित शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचे प्रमाण साधारण एक-दोन टक्के असते. वय, हृदयविकार, मधुमेह यांनी ते वाढते. जोड गळण्याची भीती असते. गाठ गुदाशयात असेल तर पोटावर पिशवी, पुढे शौचावरचा ताबा आणि लैंगिक आरोग्य हेही हिशेबात येते. ज्या आजाराचा धोका तीन टक्क्यांच्या आत आहे, त्यासाठी सत्तरीच्या रुग्णाने हे सोसावे का, हे त्याला आकडे सांगूनच विचारायला हवे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आजार उलटलाच तर? दुर्बिणीने उपचार झालेल्या टी-1 रुग्णांच्या 2020 मधील एकत्रित विश्लेषणात कमी धोक्याच्या गटात आजार उलटण्याचे प्रमाण 0.7 टक्के, तर जास्त धोक्याच्या गटात 7 टक्के होते. मात्र ज्यांचा उलटला, त्यांतले सुमारे चाळीस टक्के रुग्ण त्याने दगावले. हा आकडा झाकून ठेवून रुग्णाला धीर देणे अन्यायाचे आहे. म्हणूनच काढलेल्या गाठीची खालची कड स्वच्छ नसेल, म्हणजे तिथवर कर्करोगाच्या पेशी असतील, किंवा वाहिन्यांत पेशी दिसत असतील, आणि प्रकृती साथ देत असेल, तर शस्त्रक्रियेचाच आग्रह धरावा. गाठ तुकड्यातुकड्यांनी निघाली असेल, तर कड आणि खोली नीट मोजताच येत नाही. तेव्हा गाठीच्या ऊतींचे मेणातले ब्लॉक आणि काचपट्ट्या या विषयातल्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा पाहून घेतल्याशिवाय कोणताच निर्णय पक्का करू नये.

शस्त्रक्रिया टाळायची तर कोलोनोस्कोपी, सीटी स्कॅन आणि सीईए या कर्करोगाच्या रक्तातल्या खुणेची तपासणी काही वर्षे नेमाने व्हावी लागते. आपल्याकडे खरी अडचण इथे येते. तालुक्याच्या गावाहून मुंबई-पुण्याला येणे ज्याला प्रवासखर्चामुळे किंवा बुडणाऱ्या मजुरीमुळे झेपत नाही, त्याच्यासाठी कागदावरचा तोच धोका वेगळा ठरतो. अशा माणसाने, प्रकृती ठणठणीत असताना, एकदाच ऑपरेशन करून घेणे पसंत केले तर तो निर्णयही मला तितकाच शहाणपणाचा वाटतो. फक्त तो त्याचा स्वतःचा असावा आणि तपासण्यांच्या तारखा चुकल्या तर काय होऊ शकते हे त्याला आधी नीट सांगितलेले असावे.