गव्याचा फोटो



आज घरोघरी मोबाइल आहे. म्हणजे घरोघरी कॅमेरा आहे. आपल्या वसईला तर तुंगारेश्वरचे रान अगदी दाराशी. म्हणून रानातल्या जनावराचा फोटो कसा काढावा, ते आज बोलू. उदाहरण घेऊ गव्याचे.

गवा आपल्या रानात नाही. तो कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरीजवळच्या दाजीपूरच्या जंगलात आहे. हे जंगल गव्यांसाठी १९५८ साली राखून ठेवले. महाराष्ट्रातले ते पहिले अभयारण्य. लोक गव्याला ‘बायसन’ म्हणतात. पण खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात. गवा हा आपल्या गाईबैलांचा रानातला भाऊबंद. मोठा नर खांद्याशी माणसाएवढा उंच, वजन आठ-दहा क्विंटल. अंग काळे, पण गुडघ्याखाली पाय पांढरे. जणू मोजेच घातलेत!

गवा सकाळी लवकर आणि दिवस कलताना चरायला उघड्यावर येतो. तीच फोटोची वेळ. वनखात्याची परवानगी घ्या, वाटाड्या बरोबर घ्या. कपडे मातीच्या किंवा पाल्याच्या रंगाचे घाला. गव्याचे नाक फार तिखट. म्हणून वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल, असे उभे राहा. बोलू नका. कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा लावू नका.

गव्याने चरणे सोडले, मान वर केली, फुस्स आवाज केला, की समजा आपण फार जवळ आलो. हळूच मागे सरा. तो पुन्हा चरू लागला, म्हणजे अंतर बरोबर आहे. अभयारण्यात जनावराला छेडणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

हे का सांगतो? ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला एक गवा वाट चुकून आला. बघ्यांची गर्दी झाली. कोणी ओरडले, कोणी मोबाइल घेऊन मागे धावले. घाबरून तो गल्लोगल्ली पळाला, जखमी झाला. शेवटी गुंगीचे औषध देऊन त्याला पकडले. पण त्याच दिवशी तो मेला. एवढे बलदंड जनावर! त्याने कोणाचे काय वाकडे केले होते?

२०२४ साली आपल्या वसई किल्ल्यात बिबट्या आला होता. उद्या पुन्हा येईल. तेव्हा गर्दी करू नका, मुलांना आवरा, वनखात्याला कळवा. फोटो दुरूनच काढा. लहान आला तरी चालेल. जनावर जगले पाहिजे, आणि माणूसही.