पाठीवरचे बिऱ्हाड

अनेक दिवसांच्या साहसी शर्यतीसाठी सॅक सर्वांत शेवटी विकत घ्यावी. आधी सोबत न्यायचे सामान जमिनीवर मांडावे, ताणकाट्यावर तोलावे, आणि मग त्या ढिगाला पुरेल एवढीच सॅक शोधावी. प्रत्यक्षात बहुतेकदा उलटे होते. दुकानात 60 लिटरची देखणी सॅक पसंत पडते, घरी आल्यावर तिच्यातली रिकामी जागा डोळ्यांत खुपते, आणि मग जास्तीचा स्वेटर, दुसरी बॅटरी, चिवड्याची चार पाकिटे आत जाऊन बसतात. चढावर त्याच पाकिटांचा राग येतो.

या शर्यतींचा आजचा साचा 1989 साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या रेड गॉलवाजपासून रूढ झाला. 1995 मध्ये अमेरिकेत युटा राज्यात इको चॅलेंज सुरू झाली आणि दूरचित्रवाणीमुळे हा प्रकार घराघरांत पोहोचला. महाराष्ट्रात पुण्याची एन्ड्युरो थ्री ही स्पर्धा या घराण्यातली. तिघांचा संघ सायकल, डोंगरातली पायपीट आणि पाण्यातला टप्पा असे सारे एकत्र पार करतो. मोठ्या शर्यतींत बहुधा चौघे असतात, घड्याळ रात्रीही थांबत नाही आणि झोपेचा वेळ आपल्याच हिशेबातून जातो.

सॅकच्या आकाराचे गणित इथेच आहे. शर्यत पाच दिवसांची असली, तरी पाच दिवसांचे सामान पाठीवर घ्यायचे नसते. पुष्कळ शर्यतींत संघाच्या पेट्या आयोजक एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर नेतात. पाठीवर फक्त दोन पेट्यांमधला प्रवास असतो. तो बारा-चौदा तासांचा धरला तर पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो; खाणे दीड किलोच्या आसपास; गरम कपडा, पावसाळी जाकीट, डोक्यावरची बॅटरी, प्रथमोपचार आणि नियमाने सक्तीचे असलेले सामान मिळून आणखी अडीच-तीन किलो. सात-आठ किलोंचा हा ऐवज 25 ते 35 लिटरच्या सॅकमध्ये नीट मावतो. पेट्या मिळणार नसतील, तरच याहून मोठ्या सॅकचा विचार करावा.

आकारानंतर मुलूख पाहायचा. त्यासाठी पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणचा परिसर चांगला नमुना आहे. शेलारमामांचे गाव म्हणून ओळखले जाणारे हे गाव सह्याद्रीच्या कुशीत, सातारा जिल्ह्याच्या हद्दीलगत उंचावर वसले आहे. तालुक्यात खाली सावित्री नदीचे खोरे, वर सुमारे 1,350 मीटर उंचीचे महाबळेश्वरचे पठार. अशा डोंगरउतारांवरच्या पायवाटा कारवीच्या दाट झुडपांतून, करवंदीच्या जाळ्यांतून आणि ओढ्यांच्या दगडगोट्यांतून जातात. कारवीच्या काठ्यांत पाठीपेक्षा रुंद सॅक दर दहा पावलांवर अडकते. बाजूला टांगलेली चटई, बाहेर लोंबणारा मग, जाळीच्या खिशातून डोकावणारी बाटली यांतले काही ना काही झाडीत राहते. म्हणून इथे खांद्यांच्या रुंदीत बसणारी, उभट आणि बाहेरून गुळगुळीत सॅक हवी. कॅटलॉगात भाव खाऊन जाणारे बाहेरचे पट्टे आणि फासे इथे निव्वळ अडथळा ठरतात.

ओझे शरीराला जितके चिकटून, तितके हलके वाटते. डोक्यावर चुंबळ ठेवून दोन हंडे आणणारी बाई हे कोणत्याही पुस्तकावाचून जाणते. तिचे ओझे थेट कण्यावर उभे असते. सॅक पाठीमागे असते, त्यामुळे जड वस्तू बाहेरच्या खिशात गेली की ती खांद्यांना मागे खेचते आणि चालणारा नकळत कमरेतून पुढे वाकतो. पाणी आणि खाणे पाठीला लागून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीवर ठेवावे. हलके कपडे तळाशी आणि बाहेरच्या अंगाला जातात.

सॅक उंचीवरून निवडत नाहीत, पाठीच्या लांबीवरून निवडतात. मान खाली घातली की तिच्या बुडाशी एक हाड टचकन वर येते. तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या माथ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप धरायचा. पाच फूट आठ इंचांच्या दोन माणसांत हे माप चार-पाच सेंटिमीटरने सहज वेगळे निघते. माप चुकले तर कंबरपट्टा पोटावर चढतो किंवा मांडीवर घसरतो, आणि सगळा भार खांद्यांवर येतो. कंबरपट्टा हाडाच्या कडेवर बसला पाहिजे. सात-आठ किलोंपुढे नुसत्या रुंद फितीवर भागत नाही, थोडी गादी असलेला पट्टा लागतो. मात्र दोराच्या टप्प्यात हार्नेसही कमरेवरच बसतो, तेव्हा जाड पट्टा आड येतो. काढता येणारा पट्टा असेल तर दोन्ही साधते.

आता पाणी. कोकणातला शेतकरी भातलावणीला वाकतो तेव्हा इरले त्याचे डोके आणि पाठ दोन्ही झाकते, आणि वरून पडणारे पाणी त्याच्या कडेने ओघळून जाते. सॅकच्या रेनकव्हरची तऱ्हा वेगळी. ते बाहेरची बाजू झाकते, पाठीकडची उघडी ठेवते. पाणी पट्ट्यांवरून आत झिरपते, आणि करवंदीच्या पहिल्या जाळीत कव्हर फाटते. त्यापेक्षा आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचे तोंड पिळून दुमडावे. नदीच्या टप्प्यातही तीच उपयोगी पडते. सॅकच्या तळाशी पाणी निथळण्याचे भोक मात्र असायलाच हवे. नाहीतर ओढा ओलांडल्यावर दोन लिटर सावित्री पाठीवर घेऊन चढावे लागते.

पिण्याच्या पाण्यासाठी नळीची पिशवी की बाटल्या, यावर वाद रंगतात. पिशवीतून चालता चालता पिता येते, पण आत किती उरले ते दिसत नाही, आणि भरलेल्या सॅकमध्ये ती पुन्हा कोंबताना सगळे सामान बाहेर काढावे लागते. खांद्याच्या पट्ट्यांवर पुढे बसणाऱ्या दोन लहान बाटल्या ओढ्यावर क्षणात भरतात, आणि मागच्या ओझ्याला पुढून थोडा तोलही देतात. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत ओढे आटतात. तेव्हा मोठी पिशवी राखीव ठेवून रोजचे पिणे बाटल्यांवर चालवणे सोयीचे. कंबरपट्ट्यावरचे दोन खिसे खाण्यासाठी. चिक्की काढायला सॅक उतरवावी लागली तर माणूस खाणे पुढे ढकलतो, आणि तासाभरात पाय बोलू लागतात.

सायकलच्या टप्प्यासाठी एक साधी परीक्षा आहे. हेल्मेट घालून, भरलेली सॅक पाठीवर घेऊन हँडलवर ओणवायचे आणि मान वर करायची. हेल्मेट सॅकला टेकले तर ती उंच आहे.

कापडाच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. शंभराच्या खालचे कापड हलके खरे, पण खडकावर बसून घसरताना लवकर विरते. दोनशे दहाच्या आसपासचे, चौकड्यांच्या विणीचे नायलॉन या मुलखाला मानवते. कापडापेक्षा शिवण आधी दगा देते. खांद्याचा पट्टा जिथे सॅकला जोडलेला असतो, तिथे दाट नागमोडी शिवणीचे आडवे टाके आहेत का ते नखाने चाचपून पाहावे. एकेरी सरळ टाका असेल तर ती सॅक ठेवून द्यावी. लाल मातीत चेन अडकते, म्हणून मुख्य तोंड गुंडाळून बंद होणारे असलेले बरे. रंग भडक असावा. धुक्यात मागच्याला पुढचा दिसतो.

नवी सॅक घेतल्यावर तिच्यात पाण्याच्या बाटल्या आणि पाच किलो तांदळाची पिशवी घालून तीन-चार तास चढउतार करावा, तोही घामाने भिजलेल्या शर्टावर. कोरड्या पाठीला कळत नाही ते ओल्या पाठीला कळते. काखेजवळ किंवा माकडहाडापाशी कातडी लाल झाली असेल, तर पट्टे थोडे सैल-घट्ट करून पुन्हा चालावे. दुसऱ्या फेरीतही त्याच जागी सोलवटले, तर सॅक त्या पाठीची नाही. ती बदलून घ्यावी आणि तांदूळ पुन्हा डब्यात ओतावेत.