लघवी पिवळी झाली, दोष हळदीला?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय चारचौघांत बोलायला आपण जरा संकोचतो. पण डॉक्टरांच्या खोलीचे दार बंद झाले की पहिल्या दोन-तीन वाक्यांतच तो निघतो. "डॉक्टर, लघवी फार पिवळी होते." आणि पाठोपाठ खुलासाही येतो, "आमच्या घरी भाजीत हळद जरा जास्तच पडते, त्यानेच होत असेल." असे म्हणून कित्येक जण पुढची तपासणी नको म्हणतात. वरणातली हळद कमी करतात आणि निर्धास्त होतात. हळद कमी करण्यात नुकसान काही नाही. पण निर्धास्त होण्यात कधी कधी फार मोठे नुकसान असते.

हळदीवर संशय का येतो, हे समजण्यासारखे आहे. हळद ज्याला लागेल त्याला रंगवते. बोटे पिवळी, ताट पिवळे, ओट्याचा दगड पिवळा. शर्टावर भाजीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला तर तो लाल होतो, पण जाता जात नाही. एवढा चिवट रंग पोटात गेल्यावर कुठेतरी बाहेर पडणारच, असे वाटणे साहजिक आहे.

पण स्वयंपाकघरातच नीट पाहा. रश्शावर जो तवंग येतो त्यात पिवळेपणा अधिक असतो. कारण हळदीतले रंगद्रव्य, ज्याला कर्क्युमिन म्हणतात, ते तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. लघवी म्हणजे मुख्यतः पाणी. शिवाय हळदीत कर्क्युमिन असते साधारण तीन टक्के. चमचाभर, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम हळद घेतली तर त्यात ते 90 मिलिग्रॅमच्या आसपास भरते. त्यातले आतड्यातून रक्तात फारच थोडे शिरते आणि जे शिरते त्याचे रूप यकृत लगेच बदलून टाकते. एका अभ्यासात 24 निरोगी माणसांना निरनिराळ्या प्रमाणात शुद्ध कर्क्युमिन दिले होते, अगदी 12 ग्रॅमपर्यंत. रक्तात ते सापडले फक्त दोघांच्या, तेही 10 आणि 12 ग्रॅम घेतलेल्यांच्या, आणि तेही अत्यल्प. बहुतेक सगळी हळद शौचावाटे निघून जाते. तेव्हा रोजच्या वरण-भाजीतल्या हळदीने लघवी पिवळी होत नाही.

मग लघवीला पिवळा रंग येतो कुठून? तो येतो आपल्याच रक्तातून. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्या की त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तात सोडते आणि पित्त आतड्यात उतरते. तिथले जिवाणू त्याचे रूपांतर करतात. त्यातला थोडा भाग पुन्हा रक्तात शोषला जातो, मूत्रपिंडांतून गाळला जातो आणि शेवटी युरोबिलिन या पिवळ्या द्रव्याच्या रूपात लघवीत दिसतो. उरलेल्या भागामुळे शौचाला तपकिरी रंग येतो. गंमत अशी की, जिवाणू हे काम नेमक्या कोणत्या विकराच्या मदतीने करतात, याचा उलगडा 2024 सालच्या जानेवारीत झाला. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठातील ब्रँटली हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकर शोधला. रोज डोळ्यांसमोर असलेल्या रंगाचे कोडे सुटायला एवढा काळ जावा लागला!

हा रंग कमी-अधिक होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पाणी. उन्हातान्हात काम केले, घाम गेला, प्रवासात पाणी कमी प्यालो, तर रंगद्रव्य तेवढेच पण पाणी कमी, म्हणून लघवी गडद. पाणी पोटात गेले की काही तासांत ती फिकट होते. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली तर तीतल्या रिबोफ्लेविनमुळे लघवी झगझगीत पिवळी दिसते. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने ती नारिंगी-लालसर होते, तेव्हा घाबरून गोळ्या बंद करायच्या नसतात. बीट खाल्ल्यावर काही जणांना लालसर लघवी होते. या सगळ्यांत काळजीचे कारण नाही.

काळजी करायची ती वेगळ्या पिवळेपणाची. भरपूर पाणी पिऊनही लघवी कोऱ्या चहासारखी किंवा मोहरीच्या तेलासारखी गडद राहिली, भूक मेली, मळमळ सुरू झाली, तर ती कावीळ असू शकते. यकृताला सूज आली किंवा पित्ताची वाट अडली, म्हणजे पाण्यात विरघळणारे बिलिरुबिन रक्तात साठते आणि लघवीत उतरते. विषाणूमुळे होणाऱ्या काविळीत डोळे पिवळे दिसण्याच्या एक-दोन दिवस, कधी चार-पाच दिवस आधीच लघवी गडद होते. म्हणजे हा पहिला इशारा असतो. नेमका तोच आपण हळदीच्या नावावर खपवतो.

दूषित पाण्यातून हेपॅटायटिस ए आणि ई या काविळी पसरतात. 2012 साली इचलकरंजीत हेपॅटायटिस ईची मोठी साथ आली होती. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही ई प्रकारची कावीळ झाली तर शंभरातल्या वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात. म्हणून घरातली गरोदर सूनबाई किंवा लेक "लघवी गडद होतेय" असे म्हणाली, तर "भाजीत हळद कमी घाल" हे उत्तर नव्हे. त्याच दिवशी रक्ताची आणि लघवीची तपासणी करून घ्यायची.

इथे दुसऱ्या टोकाचाही एक समज आहे. कावीळ पिवळी, हळदही पिवळी, म्हणून काविळीच्या रुग्णाची हळद बंद करतात. रंगसाधर्म्यापलीकडे याला काही आधार नाही. चिमूटभर हळदीने कावीळ वाढत नाही. उलट हळद, तेल, डाळ सगळे बंद करून माणसाला फक्त उसाच्या रसावर ठेवले, तर त्याची ताकद जाते. आणि तो रस रस्त्यावरच्या अशुद्ध बर्फाचा असला तर ज्या वाटेने आजार आला त्याच वाटेवर आपण त्याला पुन्हा नेतो.

सर्वांत कळकळीने सांगायचे ते तान्ह्या बाळाविषयी. नवजात बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते. पहिल्या आठवड्यात पुष्कळ बाळांना थोडी कावीळ होते, ती बहुधा आपोआप उतरते आणि तिच्यात दुपटे पिवळे होत नाही. पण दुपट्यावर लघवीचा पिवळा डाग पडू लागला, बाळाची शी पांढुरकी, खडूसारखी किंवा मातकट फिकी दिसू लागली, किंवा चौदा दिवस उलटूनही अंगाचा पिवळेपणा गेला नाही, तर थांबू नका. घरात म्हणतात, "बाळंतिणीच्या खाण्यात हळद आहे, ती दुधातून उतरते." तसे होत नाही. काही बाळांत पित्तनलिका जन्मापासून बंद असतात. त्यावर कासाई नावाची शस्त्रक्रिया आहे. ती बाळ साठ दिवसांचे होण्याच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. हळदीला दोष देण्यात महिना गेला, तर तो महिना परत मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे हळदीचा लघवीवर काहीच परिणाम नाही का? आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. हळदीत ऑक्झलेट असते आणि ते पाण्यात सहज विरघळते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 11 निरोगी व्यक्तींना रोज 55 मिलिग्रॅम ऑक्झलेट मिळेल एवढी हळद पूरक म्हणून दिली. नंतर त्यांच्या लघवीत ऑक्झलेट वाढलेले आढळले. तेवढेच ऑक्झलेट दालचिनीतून दिले तेव्हा एवढी वाढ झाली नाही. मुतखडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. म्हणून ज्यांना खडा होऊन गेला आहे त्यांनी चमचे-चमचे हळद पाण्यातून किंवा कॅप्सूलमधून घेऊ नये. फोडणीतली चिमूट चालेल.

कॅप्सूलचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. 1998 साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले की कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले पायपरीन दिले तर माणसात त्याचे शोषण वीसपट होते. तेव्हापासून बाजारात अशा गोळ्या आल्या. जे शरीर सहजासहजी आत घेत नाही ते अशा रीतीने आत ढकलले जाते. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी 2022 साली हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांतला एक दगावला. अशा बिघाडात लघवी गडद होते खरी, पण ती हळदीच्या रंगाने नव्हे, दुखावलेल्या यकृतातल्या बिलिरुबिनने. तेव्हा अशी गोळी घेत असाल आणि लघवीचा रंग बदलला, तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवा. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय ती सुरूच करू नये.

आणि हळद विकत घेताना तिच्या पिवळ्याधमक रंगावर भाळू नका. रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी रंगद्रव्य मिसळण्याचे प्रकार घडतात. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते. बांगलादेशात 2019 साली बाजारातल्या हळदीच्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत अशी भेसळ होती. सरकारने दंड केले, लोकांना जागे केले आणि 2021 पर्यंत ती संपली. आपल्याकडे सांगली, हिंगोली, वर्धा भागांत उत्तम हळद पिकते. खात्रीच्या ठिकाणाहून हळकुंडे आणावीत, त्यांतही वरून रंग चोळल्यासारखी झळाळणारी टाळावीत, आणि गिरणीतून दळून घ्यावीत.

तर श्रोतेहो, लघवी पिवळी दिसली तर आधी दोन पेले पाणी प्या. दिवसभर पाणी पिऊनही रंग उतरला नाही, तर डोळ्यांचा पांढरा भाग आणि शौचाचा रंग पाहा आणि दवाखान्यात जा. लघवीतले बिलिरुबिन पाहण्याची तपासणी साधी आहे, काही मिनिटांत होते. घरात तान्हे बाळ असेल, तर आज रात्री दुपटे बदलताना त्याच्याकडे एकदा दिव्याखाली नीट पाहा. आणि उद्याच्या वरणात हळद नेहमीएवढीच घाला.